बघितलं, असं मी म्हणालो

सन दोन हजार तेवीस. मला त्या साली चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, आणि अख्ख्या गावात एकच माणूस मला डाव्या हातानं कागद द्यायचा. देताना मान जराशी वाकवून म्हणायचा, "डाव्यानं देतोय अण्णा, राग मानू नका."

आमच्याकडं डाव्या हातानं कुणाला काही देत नाहीत. पहिल्यांदा त्यानं दिला तेव्हा मी घेतलाच नाही. "ठेव टेबलावर," म्हणालो. ठेवताना त्याचा उजवा हात दिसला. अंगठा होता आणि कडेची दोन बोटं होती. अंगठ्याशेजारची दोन अठराव्या वर्षी कडबाकुट्टीत गेलेली. मशीन त्याच्या वडलांनीच चालू केली होती. तेव्हापासून त्याचा आप्पा त्या हाताकडं बघत नसे. जेवायला बसला तरी पोराच्या डाव्या अंगाला बसायचा.

औरादच्या रस्त्याला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. वय चौतीस-पस्तीस. शेताची पहाणी, म्हणजे सातबारा, दाखले, पेन्शनचे अर्ज, सगळं तिथंच व्हायचं. आता त्या गाळ्यात चपला विकतात. तो हैद्राबादेला असतो म्हणे.

मी चौथी पास. मराठी वाचतो, कानडी बसच्या पाटीपुरतं. इंग्रजी येत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. तीस वर्षं जत्रेत कुस्तीचा पंच होतो मी. असा माणूस 'मला वाचता येत न्हाई' म्हणत नसतो. त्याच्या दुकानात अर्ज भरून झाला की तो पडदा माझ्याकडं वळवायचा. मी चष्मा लावून मान हलवायचो. मग तो स्वतःशीच मोठ्यानं वाचायला लागायचा, "नाव बरोबर... जन्मसाल बरोबर... बँक बरोबर... मला वाचून बघायची खोड हाय अण्णा."

दोन वर्षं मला वाटत होतं, खरंच खोड आहे. एकदा रांगेत उभा राहिलो तर हा दुसऱ्यांचे अर्ज मुकाट्यानं भरतोय. तेव्हा कळलं. मला कळलंय हे मी दाखवलं नाही. त्यानंही कधी दाखवलं नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो कॉम्प्युटरवर गोळ्या झाडायचा खेळ खेळायचा. सगळी पोरं असले खेळ माऊसनं आणि कीबोर्डनं खेळतात. ह्याच्याकडं दोन मुठीत धरायचा कंट्रोलर होता, टीव्हीच्या खेळाला असतो तसला. गोळीचं बटण त्यानं डावीकडं घेतलेलं. उजव्या अंगठ्यानं नेम धरायचा, डाव्या बोटानं गोळी. गोळीच्या आधी श्वास रोखायचा, आमचे पैलवान दगडी गुंडा उचलताना रोखतात तसा.

"बसून कुणी लढाई करतं व्हय रे?" मी डिवचायचो.

"उभा राहिलो तर गिऱ्हाईक म्हणंल, दुकान बंद करायलाय."

येणारे-जाणारे हसायचे. म्हणायचे, हे लेकरांचं खेळणं, ह्याला खेळ स्वतः मदत करतोय. तो एवढंच म्हणायचा, "बघून घ्या, मग बोला."

ती मदत काय असते ते त्यानंच मला समजावलं. अंगठ्यानं नेम धरणं माऊसपेक्षा अवघड. म्हणून नेमाचा ठिपका शत्रूच्या जवळ गेला की खेळच त्याला थोडा ओढून घेतो.

"पर मी ते बंद ठेवतो अण्णा."

"कामून?"

"चालू ठेवून जिंकलो तर म्हणतील मशीननं जिंकवलं. हरलो तर म्हणतील हातच न्हाई. हे दुसरं ऐकायची सवय हाय मला."

त्या वर्षीच्या जत्रेत तरुण मंडळानं शाळेच्या हॉलात ह्या खेळाची स्पर्धा ठेवली. समोरासमोर दोन कॉम्प्युटर, आणि लोकांना दिसावं म्हणून भिंतीवर मोठा पडदा. आमच्या जत्रेत कुठलीही स्पर्धा पंचाशिवाय होत नाही, आणि फेटा बांधलेल्या पंचाचा शब्द कुणी फिरवत नाही. मला बसवलं. खेळातलं मला काय कळतंय, असं मी म्हणायला पाहिजे होतं. म्हणालो नाही.

आदल्या दिवशी तो सांगून गेला होता, "आप्पाला आणायलोय अण्णा. एकदा बघू द्या त्याला, ह्या हातानं काय होतंय ते."

शेवटच्या लढतीला तो आला आणि समोर आला माझा सख्खा पुतण्या. तिशीचा गडी, मोबाईलच्या दुकानात कामाला. आप्पा पुढच्या सतरंजीवर टोपी मांडीवर घेऊन बसलेला. खेळ सुरू व्हायच्या आधी पुतण्या उठला.

"काका, ह्याच्या कंट्रोलरला मदत असती. हे चालायचं न्हाई."

"बंद हाय," तो म्हणाला. भिंतीवरचा पडदा अजून लागायचा होता; त्यानं बटणं दाबून आपल्या कॉम्प्युटरवर काहीतरी उघडलं. "अण्णा, बघून घ्या."

मी उठलो, चष्मा लावला, जवळ गेलो. काळ्यावर पांढरी अक्षरं. ओळीखाली ओळ. शंभर-दीडशे माणसं माझ्या पाठीकडं बघत होती. तो खोटं बोलत नाही, हे मला माहीत होतं. पण पंच माहितीवर निवाडा देत नसतो, बघून देतो. आणि मला दिसत होतं, वाचता येत नव्हतं. कुणाला तरी 'वाच रे' म्हणालो असतो तरी भागलं असतं.

"बघितलं," मी म्हणालो. "दोघांनी एकाच हत्यारानं खेळायचं. ह्यानंबी माऊस धरावा."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तुम्ही तिथं असता तर तुम्हाला वाटलं असतं, आता हा भांडणार. 'अण्णाला इंग्रजी येत न्हाई' एवढं म्हणाला असता तर सगळं त्याच्या बाजूनं फिरलं असतं. तिथं काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं, आणि मी काय वाचलं नाही तेही. त्याचे ओठ हलले. मग म्हणाला, "बरं अण्णा."

कंट्रोलर बाजूला सारून त्यानं डावा हात कीबोर्डवर ठेवला आणि उजव्यानं माऊस धरला. करंगळीशेजारच्या बोटानं बटण दाबायला गेला की माऊसच सरकायचा. भिंतीवर त्याचा माणूस छताला गोळ्या मारायला लागला. मागून कोणीतरी हसलं. पाच-सहा मिनिटांत तो हरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आप्पा त्या हाताकडं टक लावून बघत होता. मग त्यानं टोपी डोक्यावर घातली. पोरानं त्याला दंडाला धरून उठवलं, डाव्या हातानं, आणि दोघं गेले.

संध्याकाळी पुतण्या घरी पेढे घेऊन आला. माझ्या पायाला हात लावून हळूच म्हणाला, "काका, उपकार झाले. मदत बंद हाय, असं तिथं लिहिलेलं मीबी मागून वाचलं होतं. तुम्ही वाचूनबी माझी बाजू धरलीत."

आता मला सांगायचं होतं, मी वाचलं नव्हतं. समोर सून उभी होती, नातवंडं पेढ्याला झोंबत होती. घरच्यांपुढं अडाणी ठरायचं की लबाड? मी लबाड ठरलो. पेढाही खाल्ला.

रात्रभर मनाशी दोन वाक्यं ठरवली. सकाळी उठून आधी त्याच्या दुकानावर गेलो. शटर खाली. घरी गेलो, तर शेजारीण म्हणाली, बाप-लेक पहाटेच्या बसनं भालकीला पाहुण्याकडं गेले. मग मैदानावर गेलो. कुस्त्या सुरू व्हायच्या होत्या. मी माईक मागून घेतला.

"कालचा निवाडा चुकला," मी म्हणालो. "तो गडी खरा होता. कंट्रोलरवर खेळला असता तर तोच जिंकला असता."

हे पहिलं वाक्य. दुसरं होतं, 'मला ती अक्षरं वाचता आली नव्हती.'

पण तेवढ्यात टाळ्या पडल्या. हलगीवाल्यानं हलगी कडाडवली. कोणीतरी ओरडलं, "सख्ख्या पुतण्याच्या विरोधात बोलायलाय! पंच असावा तर असा!" लोक उठून उभे राहिले. मंडळाच्या माणसानं धावत येऊन माझ्या गळ्यात हार घातला.

माईक हातातच होता. मी एका हातानं हार सारखा केला आणि पहिल्या जोडीची नावं पुकारली.