गोंचिगचा वारा

चाळीस वर्षं घरात गोंचिगकडे एकच काम होतं. मटणाचे बूझ, म्हणजे मंगोलियन मोमो, वाफवून झाले, की भांड्याच्या झाकणाने त्यांना वारा घालायचा. वाऱ्याने पारी चकाकते. वळायला मात्र त्याला बंदी होती, त्याचे बूझ फुटायचे.

यंदा नववर्षाच्या तोंडावर सून सोलोंगोने विजेचा पंखा आणला. "तुम्ही आता बसा, मामंजी."

"बसून काय करू?"

"तेही जमत नसेल तर सांगा," बायको नोरोव म्हणाली.

पाचव्या खेपेला पंखा तापून बंद पडला. गोंचिग उठला आणि झाकणाने पंख्यालाच वारा घालू लागला.

"अहो, बूझ इकडे आहेत."

"थांब, आधी आजाऱ्याचं बघू दे."

सोलोंगोने पंखा उचलला आणि सासऱ्याच्या खुर्चीत बसवला.