सरहद्दीवरचा अंतरपाट

माझं लग्न दोन सरकारांनी मिळून लावलं, असं मी नातवंडांना सांगायला लागले की आमचे हे वर्तमानपत्रात तोंड खुपसतात.

माझं माहेर चारठाण्याजवळ, निजामाच्या मोगलाईत. सासर पलीकडच्या वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांच्या अमलात. एरवी ही दोन्ही सरकारं करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर तंबाखूच्या पोत्यावरून हुज्जत घालायची. त्या उन्हाळ्यात पटकीची साथ आली आणि त्यांचं अचानक गूळपीठ जमलं. दोघांचे डॉक्टर नाक्यावर एकाच लिंबाखाली बसू लागले. सुई टोचून घेतल्याशिवाय कुणी हद्द ओलांडायची नाही, असा कायदा झाला.

गोरज मुहूर्त होता. नवरदेवाकडच्या गाड्या दुपारीच नाक्यावर आल्या, सगळ्यांनी कुरकुरत दंड पुढं केले. नवरदेवाची पाळी आली तशी सासूबाई आडव्या आल्या. "आमच्यात हळदीच्या अंगातून रगत काढत नसतात!"

सांगावा आला तेव्हा मीही हळदीनं पिवळीजर्द होऊन बसले होते. मुहूर्त चुकला तर हळद लागलेल्या मुलीला पुढं कोण करून घेणार? मी फार घाबरले होते. वडिलांनी मला गाडीत घातलं आणि भटजींसकट सगळा मांडव नाक्याकडं निघाला.

वडील हात जोडून म्हणाले, "डाक्टरसाब, माझ्या लेकीचं कसं करायचं तुमीच सांगा. येळ जायलाय."

दोन्ही डॉक्टर बाजूला जाऊन कुजबुजले. तोड निघाली. अंतरपाट बरोब्बर हद्दीवर धरला. मी मोगलाईत, हे इंग्रजांच्या हद्दीत. माळा घालण्याआधी आम्हा दोघांचे हात लाल औषधाच्या पाण्यात धुवून घेतले. अक्षता दोन्ही मुलखांतून पडल्या. मग टोचलेली मंडळी जेवायला आमच्या गावी आली आणि दंड दुखतोय म्हणून डाव्या हातानं जेवली. नवरदेव तेवढे पलीकडंच उपाशी. हळद उतरल्यावर सुई घेऊन मला न्यायला आले.

पुढं धाकट्या दिरांचं लग्न निघालं, तेव्हाही साथ होती. हळदीच्या पाटावरच त्यांनी सुई घेतली आणि सासूबाई शेजारी बसून निवांत पान लावत होत्या.

मी म्हटलं, "आत्याबाई, आपल्यात हळदीच्या अंगातून रक्त काढत नाहीत ना?"

त्यांनी आधी ह्यांच्याकडं पाहिलं, मग मला जवळ ओढून म्हणाल्या, "कोन म्हनलं? अवं, ते सुई पाहून गाडीखाली दडलं होतं. तशीच जबरदस्ती केली असती तं पयालं असतं रानात. मंग तू मले कोठून भेटली असती?"

मी हसत सुटले, आणि हसता हसता त्यांच्या गळ्यात पडून रडले.