कृषिसंकट आणि आमची पार्किंग समिती

सेमिनारला जो हॉलमध्ये बसतो त्याला सर्टिफिकेट मिळतं आणि जो गेटवर उभा राहतो त्याला किस्से मिळतात. माझ्याकडे दुसऱ्या प्रकारचा माल जरा जास्तच साठला आहे. चार मित्र जमले की कोणीतरी "अबे, तो पार्किंगचा सांग ना" म्हणून टोकतं, आणि एक सांगितला की त्याच्या मागे दुसरा येऊन उभाच. सगळे एकाच दिवसाचे!

त्या वर्षांत वऱ्हाडात कपाशी साथ देत नव्हती, सोयाबीनचाही भरवसा राहिला नव्हता. भरघोस यायचं ते एकच पीक, सेमिनारचं. दिल्लीची पथकं यायची, पुण्या-मुंबईचे अभ्यासक यायचे आणि आमच्या अमरावतीच्या कॅम्पसवर 'कृषिसंकट : कारणे व उपाय' असा बॅनर लागायचा. बॅनर कापडी होता, त्यामुळे धुऊन, घडी करून ठेवायचो. दरवर्षी तारखेवर फक्त नवीन कागद चिकटवायचा. कारणं तीच असायची आणि उपायही तेच.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवत होतो. म्हणजे तासापुरता प्राध्यापक आणि उरलेल्या वेळात पडेल त्या कामाचा माणूस. कायम नोकरीतल्यांकडे मंच, स्वागत आणि आभार. आमच्याकडे पाणी, जेवण आणि पार्किंग. पार्किंग समितीत आम्ही दोघेच, मी आणि मेन गेटवरचे सिक्युरिटी गार्ड रफीकभाई. दर्यापूरकडच्या एका गावात भावाबरोबर त्यांची शेती होती, आणि पगार इथला.

त्या वर्षी मात्र मला त्या सेमिनारची खरोखर गरज होती. सोमवारी माझी मुलाखत होती, कायम जागेची. सात वर्षांत पहिल्यांदा जागा निघाली होती. राष्ट्रीय परिषदेत पेपर वाचल्याचं सर्टिफिकेट जोडायचं होतं आणि त्यावर सत्राच्या अध्यक्षांची सही लागत होती. सेमिनार शनिवारी. समन्वयक वानखडे सर म्हणाले, "गावंडे, तुझा पेपर तिसऱ्या सत्रात टाकला, तीन वाजता. तोवर गेट तुझं!"

मी खूश. राजापेठेतल्या घरून निघताना इस्त्रीचा शर्ट घातला, पेपरची फाईल स्कूटरच्या डिक्कीत ठेवली आणि सकाळी सातला गेटवर हजर झालो.

* * *

पहिला पाहुणा पुण्याचा. तसा तो आदल्या दिवशीच यायला हवा होता, पण त्याला माहितीपत्रकानं मारलं. 'येथे कसे याल' हा मजकूर आमच्या ऑफिसनं दर्यापूरकडच्या एका जुन्या सेमिनारच्या पत्रकावरून जसाच्या तसा उचलला होता. जवळचे रेल्वे स्टेशन : मूर्तिजापूर!

बिचारे पत्रकावर विश्वास ठेवून मूर्तिजापूरला उतरले. तिथून दर्यापूरला गेले, तिथे मुक्काम केला आणि सकाळी काळीपिवळी जीप धरून आमच्याकडे आले. गेटवर उतरले तेव्हा त्यांची बॅग एका बाजूला, चष्मा एका बाजूला.

"अहो, काय हे! सीट भरल्याशिवाय जीप हलवतच नाही. एका जीपमध्ये सतरा माणसं! मी मोजली!"

रफीकभाईंनी रजिस्टरमधून मान वर केली. "सतराच? मंग ड्रायव्हर नवीन असन."

* * *

पार्किंगचे पास तीन रंगांचे होते. लाल पास अतिविशेष पाहुण्यांचा, पिवळा मान्यवरांचा आणि पांढरा सर्वसाधारण प्रतिनिधींचा. आम्ही आदल्या दिवशी चुन्याच्या फक्कीनं रेषा मारून तीन भाग पाडले होते. सर्वसाधारणसाठी अख्खं क्रिकेटचं मैदान आणि लालसाठी इमारतीसमोरचा टीचभर तुकडा.

साडेनऊला लाल तुकडा फुल्ल. पावणेदहाला पिवळाही भरला. मैदानावर फक्त माझी स्कूटर.

आलेला प्रत्येक जण काच खाली करून लालच पास दाखवत होता. वानखडे सरांनी फोनवर ज्याला ज्याला "तुम्ही तर आमचे खास" म्हटलं होतं, त्याला त्याला लाल पास गेला होता. सर धावत आले आणि मैदानाकडे बघून ओरडले, "हे जनरल रिकामं कावून हाये?"

रफीकभाई म्हणाले, "सर, जनरल कोनी आलंच नाही."

सरांना तोडगा काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्यांनी 'अतिविशेष' हा बोर्ड उपटला आणि स्वतः चालत जाऊन मैदानात रोवला. तेव्हा कुठे गाड्या वळल्या. मान राहिला आणि जागाही झाली!

* * *

दहाला उद्घाटन होतं आणि त्यात एका प्रगतिशील शेतकऱ्याचा सत्कार. साडेदहाला पांढरी चारचाकी आली. आत पस्तिशीतला माणूस, जीन्स, गॉगल, शेजारी लॅपटॉपची बॅग.

"पास?" मी विचारलं.

"पास नाही पाठवला. सत्काराले बलावलं."

"कोणाच्या?"

"माह्याच. मी शेतकरी हाओ."

आता आली का पंचाईत! लाल, पिवळा, पांढरा सगळं छापलं होतं. ज्याच्या नावानं सेमिनार, त्याच्यासाठी रंगच ठरवला नव्हता. रफीकभाईंनी बरीच डोकेफोड करून ती गाडी कॅटररच्या टेम्पोशेजारी लावली. तिथे निदान सावली होती.

तेवढ्यात वानखडे सर पुन्हा आले. "गावंडे, शेतकरी आला काय? निवेदिका दोनदा बोलून गेली, धोतर-टोपीतला आमचा बळीराजा म्हणून!"

मी बोट दाखवलं. सरांनी वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं. "धोतर नाही आणलं?"

तो शांतपणे म्हणाला, "धोतर माह्या आजानं सोडलं, सर. तुमचा सिलॅबस केव्हाचा हाये?"

* * *

मार्च लागला होता. अकरानंतर गाडीचं हँडल हाताला चटका देत होतं. पार्किंगमध्ये कडुनिंब एकच, आणि त्याची सावली ज्यांनी पटकावली ते एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. गाडी नवी होती. त्यांचा विषय 'बदलत्या हवामानाशी शेतकऱ्याने कसे जुळवून घ्यावे.'

पावणेबाराला ते घाईघाईनं बाहेर आले. सावली सरकली होती. त्यांनी गाडी चार हात पुढे घेतली आणि आत गेले. सव्वाबाराला पुन्हा आले, पुन्हा चार हात. एकला त्यांचं भाषण झालं, टाळ्या ऐकू आल्या आणि लगेच ते दारात!

"सर, आत प्रश्नोत्तरं चालू असतील ना?" मी विचारलं.

"चालू आहेत," ते गाडीचं दार उघडत म्हणाले, "पण सावली थांबते का?"

रफीकभाई माझ्या कानाशी म्हणाले, "काही म्हणा, मानूस जुळवून घेते."

* * *

जेवणाच्या सुमारास अकोल्याच्या बाजूनं एक गाडी आली. आत पाच प्राध्यापक होते. गाडी पार्किंगकडे वळलीच नाही, थेट नोंदणीच्या टेबलासमोर थांबली. इंजिन चालूच. चौघं उतरले, स्टिअरिंगवरच्या पाचव्याच्या वतीनं सही केली, पिशव्या घेतल्या, सहभागाची सर्टिफिकेटं घेतली आणि गाडी गेटवर परत.

रफीकभाईंनी रजिस्टरमध्ये लिहिलं, आत एक वाजून बारा, बाहेर एक वाजून तेवीस.

मी म्हटलं, "सर, निदान जेवून तरी जा."

मागच्या सीटवरून आवाज आला, "पार्सल भेटन काय?"

खोटं कशाला सांगू, त्या पिशव्यांचा मला हेवा वाटला. त्यांना अकरा मिनिटांत मिळालं होतं, आणि मी सकाळी सातपासून उन्हात उभा होतो. डिक्कीतून फाईल काढली आणि पहिलं पान मनातल्या मनात वाचून घेतलं. तीन वाजायला वेळ होता.

* * *

तीन वाजता मी हात-तोंड धुऊन हॉलकडे निघालो, तर वानखडे सर जिन्यातच आडवे आले.

"कुठे निघाला?"

"सर, माझा पेपर..."

"अबे, तुझ्या सत्राचे अध्यक्षच आले नाही अजून! अकोल्याहून निघाले, मूर्तिजापूरजवळ रस्त्याचं काम चालू आहे, अडकले. ते आल्याशिवाय गेट सोडू नको. त्यांना कोण ओळखणार?"

म्हणजे पेपर वाचायला अध्यक्ष हवेत, आणि अध्यक्ष हवेत म्हणून मी गेटवर! मी परत गेलो. साडेतीन झाले, चार झाले. सव्वाचारला स्पीकरवरून वानखडे सरांचा आवाज आला, "वेळेअभावी तिसऱ्या सत्रातील सर्व पेपर वाचले असे समजण्यात येत आहे." लगेच टाळ्या. मग चहाकडे पळणाऱ्यांची पावलं.

मी सरांना गाठलं. "सर, सहीचं काय?"

"अध्यक्ष आले की घे ना बापा! मी कुठे नाही म्हणून राहिलो? पण वाचल्याशिवाय ते सही करत नाहीत. लय कडक माणूस हाये."

हॉल रिकामा होत होता. मुलाखत सोमवारी. गेटवर येऊन मी बाकावर बसलो तेव्हा रडू यायचंच बाकी होतं. रफीकभाईंनी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकर पुढे केली.

* * *

पाच वाजता अध्यक्षांची गाडी आली. पांढरे केस, जाड चष्मा, मागच्या सीटवर बसलेले. त्यांना अंधार पडायच्या आत परत निघायचं होतं. वानखडे सर शाल-श्रीफळ घेऊन धावत आले आणि काचेतूनच सत्कार उरकला. नारळ आत, फोटो बाहेर. मग सर चहा सांगायला म्हणून गेले ते गेलेच.

मी हिंमत केली. "सर, आपल्या सत्रात माझा पेपर होता. तो वाचला असं समजण्यात आलं."

"मी नाही समजत," ते म्हणाले. "वाचा. मी ऐकतो."

"इथे?"

"मग कुठे? मला उतरायला वेळ नाही."

मी फाईलमधलं बिनसहीचं सर्टिफिकेट त्यांच्या हातात दिलं आणि गाडीच्या खिडकीशी उभा राहून पेपर वाचायला लागलो. 'शेती सोडून इतर व्यवसायांकडे वळलेली कुटुंबे : वऱ्हाडातील एक अभ्यास.' रफीकभाई गेटचा दांडा धरून ऐकत होते. बाकीच्या गाड्यांचे ड्रायव्हर टाइमपास म्हणून जवळ सरकले, पाच-सहा जण. दिवसभरात कुठल्याच पेपरला इतके शांत श्रोते मिळाले नसतील. अध्यक्ष खरंच ऐकत होते, दोनदा त्यांनी वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मला आवाज सापडला. शेवटचा निष्कर्ष मी जरा जोरातच वाचला, "शेती विकण्याचा निर्णय कुटुंबातील सर्व सदस्य पूर्ण विचारांती, एकत्र बसून आणि योग्य वेळ पाहून घेतात."

अध्यक्षांचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. तो हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात.

"काय झालं रे मधुकर?" अध्यक्षांनी पेनचं टोपण काढता काढता विचारलं.

"काही नाही साहेब. योग्य वेळ म्हनले म्हनून."

"तुझी आहे का शेती?"

"होती."

"अरे, अकरा वर्षं माझ्याकडे आहेस, कधी बोलला नाहीस. केव्हा विकली?"

"दोन सालं झाले. बापाच्या नावानं होती. रजिस्ट्रीच्या दिवशी तुमाले सुटी मागतली होती मी. तुमी म्हनले, सेमिनार हाये, तुह्याशिवाय मले कोन नेईन." मधुकर समोरच्या काचेतून बाहेर पाहत होता. "मंग बाप एकटाच गेल्ता अंगठा द्याले."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कोणता सेमिनार होता रे तो?"

"हाच होता साहेब. गाव दुसरं होतं."

अध्यक्षांनी पेन कागदावर टेकवलं. मग त्यांनी सही केली, खाली तारीख घातली आणि सर्टिफिकेट माझ्या हातात दिलं.

"पेपर चांगला आहे," ते म्हणाले. "निष्कर्ष तेवढा बदला."

मधुकरनं गाडी सुरू केली आणि रफीकभाईंकडे पाहून म्हणाला, "गेट उघडा, भाऊ. उद्या यवतमाळले हाये."