गोदाकाठचं ते गाव, जिथं मी पहाटे गेलेच नाही

निवृत्तीनंतरची पहिली सहल कुठं, यावर घरात उटीपासून काशीपर्यंत चर्चा झाली. मी मात्र शबानाला फोन केला आणि आम्ही दोघी स्कूटरवरून गोदावरीच्या काठाने निघालो. शबाना मूळची मालेगावची. ती सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासायची, मी त्याच खात्यात नदीचे नमुने भरून आणायचे.

सकाळी सातला गंगापूर धरण गाठलं. पाणी इतकं नितळ, की शबाना म्हणाली, "याचा रिपोर्ट लिहायला काय मजा यायची गं!" परतताना सोमेश्वरजवळ मिसळ खाल्ली. रविवारी जाणार असाल तर लवकर पोहोचा, नंतर उभं राहायलाही जागा नसते. मग शहर ओलांडून संभाजीनगर रस्ता धरला. चांदोरीपर्यंत रस्ता छान, सायखेड्याकडे वळलं की खड्डे. पुलावरून पाहिलं तर नदी दिसेचना. या काठापासून त्या काठापर्यंत नुसत्या पाणवेली.

तिथं मी शबानाला खरं कारण सांगितलं. पुढच्या गावातल्या काशिनाथ नावाच्या मासेमाराने नऊ वर्षांपूर्वी तक्रार केली होती, की कंपनी नाल्यातून घाण पाणी सोडते. (गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.) मी दुपारी जीप घेऊन गेले, तर नाला स्वच्छ.

"तुम्ही येणार ते त्यांना ठाऊक व्हतं, मॅडम. पहाटे सोडत्यात. उद्या पहाटे या."

"येते," मी म्हणाले होते.

गजर झाला, मी तो बंद केला आणि झोपले. दुपारच्याच नमुन्यावर अहवाल गेला: प्रमाण मर्यादेत, तक्रार निकाली.

शबानाने पुलाच्या कठड्यावर हात टेकले. मग म्हणाली, "तो नमुना मीच तपासला असणार."

काशिनाथचं घर सापडलं. त्याच्या बायकोने चहा टाकला. तेवढ्यात तो सायकलवरून आला, अंगात वॉचमनचा गणवेश. त्याच कंपनीचा.

"मासं संपलं, मग काय करनार?" तो म्हणाला. "पानी सोडायच्या आधी मला फोन येतो. काठावरची गुरं हाकलायची, हेच माझं काम."

त्याने मला ओळखलं होतं. "त्या दिशी मी दोन बाटल्या भरून फाट्यावर बसलो व्हतो. दहा वाजेपर्यंत. जीप बिघडली असंल ना, मॅडम?"

त्याने सबब माझ्या हातात आयती ठेवली होती.

"नाही," मी म्हणाले. "मी उठलेच नाही."

त्याने मान हलवली. बायकोला म्हणाला, "चहा दे त्यांना, गार व्हतोय."

निघताना मी विचारलं, आता तक्रार करू का? तो दारापर्यंत आला. "करा. पन माझं नाव नको. लेकीचं कालेज याच पगारावर हाय."

येताना आम्ही कुठंच थांबलो नाही. स्कूटरला दिवसभरात तीनशेचं पेट्रोल लागलं. बाकी खर्च किरकोळ. घरी येऊन मी ऑनलाइन तक्रार भरली. 'तक्रारदार' या रकान्यात माझं नाव, खाली शबानाचं. आठवड्याने उत्तर आलं: अधिकाऱ्यांनी दुपारी पाहणी केली, पाणी मर्यादेत आढळले.

वाक्यरचना मला तोंडपाठ होती. ती मीच त्या कार्यालयात रूढ केली होती.