तीनशे बारा इशारे

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. दवाखान्यात पेशंटच्या शिरेत हळूहळू औषध सोडणारे पंप आम्ही बनवतो. पंपाचा सी भाषेतला सगळा कोड माझ्या वरिष्ठ सरांनी एकट्यानं लिहिलेला, मी शाळेत होते तेव्हापासूनचा.

एका दवाखान्यानं खरेदीआधी लेखी मागितलं: नेटवर्कवरून या पंपात कुणी घुसू शकतं का? काम माझ्याकडं आलं. मी कोड तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं, तर 'इथं चूक असू शकते' असे तीनशे बारा इशारे आले.

सरांनी वाकून बघितलं. "यातले लई फालतू असतेत. सगळ्यांपुढं 'धोका नाही' टाक आणि रिपोर्ट दे पाठवून."

"न वाचता कसं टाकू, सर?"

"अगं, इतकी वर्षं पंप चालतेत. एक तरी तक्रार आली का?"

आली नव्हती. पण रिपोर्टखाली सही माझी असणार होती. तीनशे बाराही वाचायचे, असं मी ठरवून टाकलं.

औरंगपुऱ्यातल्या खोलीवरून रोज तासभर आधी निघायला लागले. एकेक इशारा उघडायचा, ती ओळ कुठून कुठं जाते ते वहीत काढायचं. पहिले दहा दिवस सरांचंच खरं ठरत होतं. इशारा यायचा, धोका काही नसायचा. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "सोड ना आता." मला राग आला, तिचा नाही, स्वतःचा. कारण मलाही सोडावंसंच वाटत होतं.

मग एका सकाळी ती ओळ सापडली. नेटवर्कवरून आलेलं पेशंटचं नाव ती पंपाच्या मेमरीत उतरवत होती. जागा सोळा अक्षरांची, पण आलेलं नाव किती लांब आहे हे कुठंच मोजलेलं नव्हतं. आणि त्या जागेला लागूनच औषधाचा वेग ठेवलेला होता.

मी टेबलावर पंप मांडला, औषधाऐवजी पाणी भरलं. वेग ताशी पाच मिलिलिटर. सरांना बोलावलं आणि लॅपटॉपवरून माझं पूर्ण नाव पाठवलं. वडिलांचं नाव, आडनाव, सगळं. सोळाच्या पुढची अक्षरं वेगाच्या जागेत घुसली, पाचाचा आकडा गेला. मोटर घरघरली आणि पाणी भसाभसा भांड्यात पडायला लागलं.

सरांनी पंपाची वायर उपटली.

"दवाखानेवाले नावाऐवजी नंबर टाकतेत," ते हळूच म्हणाले. "म्हणून निभावलं." मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "किती राहिले?"

"एकशे अठरा."

"चल, वाचू."

आठवडाभर आम्ही दोघं वाचत होतो. तशाच आणखी दोन ओळी निघाल्या. रिपोर्टमध्ये तिन्ही चुका लिहिल्या, दुरुस्तीसकट. कंपनीचे मालक कुरकुरले. सर त्यांना म्हणाले, "चुका माझ्या आहेत, लपवायच्या नाहीत."

नंतर विकलेल्या प्रत्येक पंपात नवा कोड भरायला आम्ही गावोगाव फिरलो. अजिंठ्याजवळच्या एका दवाखान्यात नर्सनं विचारलं, "पंप बिघडला व्हता का?"

"नाय, ताई," सर म्हणाले, "आमचंच चुकलं होतं." आणि त्यांनी पंप उघडायला घेतला.