सोफेवाल्यांच्या घरचा हक्क दिन

सोफेवाल्यांचा आवाज त्यांच्या दुकानापेक्षा मोठा होता, आणि दुकान काही लहान नव्हतं. चाळीस वर्षं सोफे मढवून बोटांना घट्टे पडले होते, जीभ मात्र दाभणासारखी टोकदार राहिली होती. समान हक्क दिन आला की त्यांना चेव यायचा. "लोक बारा वाजेपर्यंत लोळतात! झोपा काढायला का आम्ही लाठ्या खाल्ल्या?"

लाठ्या त्यांनी खरंच खाल्ल्या होत्या. तरुणपणी आडनाव सांगितलं की त्यांना खोली मिळत नसे. सात घरमालकांनी "कालच दिली" म्हणून दार लावून घेतलं. मग मोर्चे निघाले, कायदा झाला, या दिवसाची सुट्टी जाहीर झाली. ही हकिकत घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. कुठल्या वाक्याला सासरे चष्मा काढणार, हेसुद्धा सूनबाई आधीच सांगायची.

या दिवसाची घरातली रीत त्यांचीच. सकाळी दुकानात, अर्धवट मढवलेल्या सोफ्यांवर सगळ्यांनी बसायचं आणि वर्षभरात अन्याय दिसूनही आपण कुठे मूग गिळून बसलो, ते कबूल करायचं. भाषण नाही, सबब नाही. कबूल केलेलं आठवड्याच्या आत निस्तरायचं. मला विचाराल तर हारतुऱ्यांपेक्षा ही रीत शंभर पटींनी बरी.

यंदा मुलाने सुरुवात केली. कारखान्यात ऐकू न येणाऱ्या एका कामगाराची बढती डावलली, तेव्हा तो स्वतः खाली मान घालून बसला होता. उद्याच साहेबांना गाठतो, म्हणाला. मग आजीची, म्हणजे सोफेवाल्यांच्या बायकोची, पाळी आली. "मी गप्प बसलेय, असं या घरात कुणी कधी पाहिलंय का?" सगळे हसले. सोफेवाले सगळ्यांत मोठ्याने हसले.

तेवढ्यात नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, मी गप्प बसले."

"शाब्बास! बोल, घाबरायचं नाही."

"त्या नाक्यावरच्या दवाखान्यातल्या नर्सताई वरची खोली बघायला आल्या होत्या ना, तुम्ही त्यांना आडनाव विचारलंत आणि मग म्हणालात, कालच दिली. पण दिली नव्हती. मी तिथेच अभ्यास करत होते."

सोफेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारी काय म्हणतील, त्या लोकांची राहणी वेगळी, अशा चार सबबी जिभेवर आल्या आणि तिथेच अडल्या. सबब नाही, हा नियम कुणी केला होता? त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"आता बसून काय राहिलात?" आजी म्हणाली. "सुट्टीचा अख्खा दिवस पडलाय."

ते उठले, पायात चपला सरकवल्या आणि नातीला म्हणाले, "चल, तू साक्षीदार."

दवाखान्याला कसली आलीय सुट्टी! नर्स औषधांचा ट्रे घेऊन वॉर्डातून बाहेर येत होती. तिने त्यांना लगेच ओळखलं.

"ती खोली रिकामी आहे," सोफेवाले म्हणाले. "तुम्ही राहायला या."

"मग त्या दिवशी का नाही म्हणालात?"

काहीतरी गैरसमज झाला, एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. नात वर बघत होती.

"तुमचं आडनाव ऐकून," ते म्हणाले. "खोटं बोललो मी. माझं चुकलं." आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता, पण शब्द एकही गिळला नाही.

नर्सने ट्रे बाकावर ठेवला. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग नातीकडे.

"उद्या पाचला माझी ड्यूटी संपते," ती म्हणाली. "येते. खोलीही बघीन आणि घरमालकही. दोन्ही पटले, तर घेईन."