बदलीबाईंचा क्लास

शाळेत बाईंना कोणी नावाने ओळखत नसे. एकतीस वर्षं त्या नुसत्या बदलीबाई होत्या. कायमच्या शिक्षिकेचा पाय मोडला, कुणाला बाळ झालं, कुणी अचानक नोकरी सोडली, की बाईंना निरोप जायचा. मग त्या दुसऱ्याचा खडू उचलायच्या आणि दुसऱ्याने अर्धवट टाकलेला धडा पुढे ओढायच्या. धडा संपत आला की मूळच्या बाई दारात हजर. भूगोल, गणित, शिवण, कवायत, काही म्हणून त्यांनी सोडलं नव्हतं. एकदा तर आठवडाभर गाणं शिकवलं. ज्यांनी बाईंचा गळा ऐकला आहे, त्यांना त्या आठवड्याची अजून धास्ती आहे.

बदलीच्या कामालाही नियम असतात, कुठे लिहिलेले नसले तरी. हजेरीपटात आलेल्या मुलापुढे ‘ह’ लिहायचा. न आलेल्यापुढे ‘गै’ मात्र लिहायचा नाही, तिथे पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा. पोर खरंच आलं नाही की मैदानात रेंगाळतंय, ते वर्गाच्या बाई आल्यावर बघतील आणि शाईने पक्कं करतील. बाईंनी जन्मात हजारो ठिपके दिले असतील. शाईने ‘गै’ एकदाही लिहिला नाही. तो त्यांचा अधिकारच नव्हता.

बाई आणि त्यांची धाकटी बहीण, दोघी मिळून दोन खोल्यांत राहायच्या. धाकटी वाचनालयात पुस्तकं बदलून द्यायची. अकरा आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी दुपारी, परतीच्या तारखेचा शिक्का मारता मारता ती खुर्चीत टेकली आणि पुन्हा उठली नाही. डॉक्टरांनी मेंदूत रक्तस्राव असं काहीतरी लिहून दिलं. बाईंनी सांगतील तिथे सह्या केल्या, भेटायला आलेल्यांना चहा केला, कपबशा विसळल्या आणि पुसून जागच्या जागी लावल्या.

“बाई खंबीर हो,” असं लोक जिना उतरताना म्हणायचे, आणि ते वर ऐकू यायचं. खंबीरबिंबीर काही नव्हतं. दात काढण्याआधी इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला राहत नाही, तसं बाईंचं सगळ्या अंगाचं झालं होतं. भूक लागायची नाही, तरी ताटातलं संपायचं. झोप लागायची, पण उठल्यावर झोप झाली असं वाटायचं नाही. आपल्याला रडू का येत नाही, याचं त्यांना सुरुवातीला नवल वाटलं. नंतर तेही वाटेनासं झालं.

धाकटीचा मोबाइल त्या रोज चार्ज करायच्या. दर सोमवारी त्यावर चष्म्याच्या दुकानातल्या मुलीचा फोन यायचा.

“मॅडमचा चष्मा तयार आहे. कधी न्यायला येताय?”

“ती बाहेर गेलीय,” बाई म्हणायच्या. “आली की सांगते.”

मुलगी बिचारी चिकाटीची. अकरा सोमवार झाले, अकरा वेळा धाकटी बाहेर गेलेली होती. पेन्सिलीचा ठिपकाच तो, दुसरं काय!

धाकटीचा शनिवार मात्र ठरलेला असायचा. वाचनालयाच्या मागच्या खोलीत ती आणि आणखी चौघं मिळून एक खेळ खेळायची. त्यात प्रत्येकाने गोष्टीतलं एक माणूस व्हायचं. सूत्रधार समोर काय आहे ते सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमलं की फसलं ते फासा सांगणार. सहा वर्षं धाकटीने रात्रीच्या जेवणावर हे समजावलं आणि सहा वर्षं ते बाईंच्या डोक्यावरून गेलं. “म्हातारपणी भातुकली,” एवढंच त्या म्हणायच्या आणि ताट उचलायच्या.

आता त्या सूत्रधाराचाच फोन आला. एरवी हा गृहस्थ औषधांचं दुकान चालवतो आणि कुणालाही दोन वाक्यांत वाटेला लावतो. पण त्या दिवशी त्याला शब्द सापडत नव्हते.

“ताई, आमची गोष्ट अडकलीय. एका दारापाशी. धाकट्या ताईंची जादूगारीण तिथे उभी आहे, काजळी नावाची. तिला पुढे नेण्याचा आमचा धीर होत नाही, आणि मारण्याचाही होत नाही. तुम्ही तिचा कागद घेऊन बसाल का? त्यांच्या जागी?”

म्हणजे बदलीचा निरोप होता. एकतीस वर्षांत बाईंनी एकही निरोप परत पाठवला नव्हता. त्या हो म्हणाल्या.

शनिवारी तीन वाजता त्या मागच्या खोलीत गेल्या. फाटक्या पुस्तकांचे गठ्ठे, डुगडुगणारं टेबल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. सूत्रधाराशिवाय तिघं होते: लिफ्टदुरुस्तीवाला, सरकारी दवाखान्यातली नर्स आणि दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावणारी मुलगी. सूत्रधाराने काजळीचा कागद हळूच बाईंपुढे सरकवला. दोन्ही बाजू भरलेल्या. चाळीस मंत्र, त्यांच्या खुणा, समासात बाण, बाणाला फुटलेले आणखी बाण. धाकटीला सोपी गोष्ट कधी आवडलीच नाही.

बाईंनी कागद पाहिला आणि परत सरकवला.

“हे अक्षर तिचं आहे,” त्या म्हणाल्या. “यात मला लिहिता येणार नाही.”

कोणी आग्रह केला नाही. लिफ्टवाल्याने कोरा कागद आणि पेन्सिल पुढे केली. “मग नवीन माणूस करू. ताई, कोणता क्लास घेताय?”

“आठवी क,” बाईंच्या तोंडून गेलं. “पण आता कुठला. गेल्या वर्षीच नोकरीतून सुटले.”

टेबलावर हसू फुटलं आणि लगेच सगळ्यांनी ते गिळलं, न जाणो बाईंना काय वाटेल. मुलीने समजावलं की क्लास म्हणजे आपल्या माणसाचा धंदा, त्याला काय येतं ते. मग प्रत्येक जण आपापला माल विकायला बसला.

“लढवय्यी घ्या,” नर्स म्हणाली. “पुढे व्हायचं आणि हाणायचं. आठवडाभर लोकांना बरं करते मी, शनिवारी तरी हाणू दे की!”

“चोर घेऊ नका,” लिफ्टवाला म्हणाला, आणि तो स्वतः चोर होता. “सारखं कुलूप, सापळा, नाहीतर पळ. मला सवय आहे. अडकलेलं दार उघडण्यातच जन्म चाललाय.”

मुलगी वैदू होती. रोज सकाळी कुठले उपचार बरोबर घ्यायचे ते आधी ठरवावं लागतं, म्हणाली, आणि तिचं नेहमी चुकतं.

“सोपं काय आहे?” बाईंनी विचारलं. “आणि कुठेही चालेल असं?”

“वाटाड्या,” सूत्रधार म्हणाला. “थोडी तलवार येते, थोडा बाण मारता येतो, जखमेवर पाला बांधता येतो, एखादा मंत्रही पाठ असतो. लढवय्याचा दणका नाही, जादूगाराची करामत नाही. पण कुठेही उभा केला तरी अडत नाही. नवख्याला मी डोळे मिटून हाच देतो.”

“म्हणजे बदलीबाई,” बाई म्हणाल्या.

अकरा आठवड्यांत त्यांनी केलेली ही पहिली थट्टा. ती आपण केली हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“तसंच म्हणा,” सूत्रधार हसला. “पण एक गोष्ट इथे फक्त वाटाड्यालाच येते. माग काढणं.”

बाईंनी कोऱ्या कागदावर ‘वाटाड्या’ लिहिलं, खाली रेघ मारली. काजळीचं काय करायचं, असं कोणीतरी चाचरत विचारलं. “राहू द्या तसंच,” त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता हातातल्या पेन्सिलीने धाकटीच्या कागदाच्या कोपऱ्यात एक ठिपका देऊन बसल्या. हाताची खोड.

खेळ सुरू झाला. डोंगराच्या पोटात एक बोळ होता आणि बोळाच्या टोकाला दगडी दार. बाकीचे दारापाशी थांबलेले, आणि वाटाड्या मागून येऊन पोचलेला.

“जमिनीवर धूळ आहे,” सूत्रधार म्हणाला. “तुम्ही काय करता?”

“काय करायचं असतं?”

“तुम्हाला जे येतं ते.”

बाईंनी विचार केला. “खाली बघते.”

वीस बाजूंचा फासा त्यांनी टाकला नाही, ठेवला. तरी तो कलंडला आणि अठरा पडले. नर्सच्या तोंडून “वा!” निघालं.

“धुळीत पावलं उमटलीत,” सूत्रधार रंगात आला. “दारापर्यंत आलेली. एक जोडी जड बुटांची, ही लढवय्यी. एक चवड्यांवर चालणारी, हा चोर. एक काठी टेकत आलेली, हा वैदू. आणि चौथी...”

तो थांबला. खेळाची अख्खी वही भरून आणली होती त्याने, पण हे त्यात नव्हतं. त्याने रिकामा कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला. मुलगी टेबलाकडे बघत राहिली. अठरा पडले होते, म्हणजे वाटाड्याला दिसायलाच हवं होतं. सगळे बाईंकडे बघू लागले.

बाईंनी सवयीने दाराकडे पाहिलं. अशा वेळी वर्गाच्या बाई येतात आणि हजेरीपट हातात घेतात. दारात कोणी नव्हतं.

“चौथं पाऊल लहान आहे,” त्या म्हणाल्या. फळ्यावरचं वाचून दाखवावं तसा आवाज होता. “डावा पाय जरा ओढून टाकलाय. लहानपणी जिन्यावरून पडली होती, तेव्हापासून. दारापर्यंत आलीय. इथे जरा उभी राहिलीय. पुढे गेलेली नाही.” त्या थांबल्या. “मागेही फिरलेली नाही.”

“म्हणजे?” मुलीने विचारलं. कळलं होतं तिला.

“म्हणजे माग इथे संपतो.”

बाईंनी पेन मागितलं. लिफ्टवाल्याने खिशातलं काढून दिलं. काजळीचा कागद ओढून त्यांनी कोपऱ्यातल्या ठिपक्यावर शाईने ‘गै’ लिहिला, फुंकर मारून वाळवला आणि कागद सूत्रधाराच्या वहीत ठेवून दिला. मग साडेपाचपर्यंत खेळ चालला. वाटाड्याचे दोन बाण लागले, एक नर्सला लागता लागता राहिला.

सोमवारी अकरा वाजता धाकटीचा मोबाइल वाजला.

“मॅडमचा चष्मा तयार आहे. कधी न्यायला...”

‘ती बाहेर’ एवढं बाईंच्या जिभेवर आलं होतं.

“मी तिची बहीण बोलतेय,” त्या म्हणाल्या. “ती वारली.”

पलीकडे चष्म्याची डबी मिटल्याचा आवाज आला.

“अरे देवा, सॉरी हं मॅडम. मला माहीतच... मग चष्म्याचं काय करू?”

“मी येते न्यायला.”

“पण मॅडम,” मुलगी चाचरत म्हणाली, “तो नंबर तुम्हाला चालणार नाही.”

“ठाऊक आहे मला,” बाई म्हणाल्या, आणि फोन कानाशी तसाच धरून त्या रडायला लागल्या. मुलीने फोन ठेवला नाही.